स्वभावाला औषध नाही?

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण आपल्या घराघरांत इतकी रुळलेली आहे की तिच्यावर कोणी शंका घेत नाही. मूल हट्टाला पेटले, विद्यार्थी वर्गात पाठ फिरवून बसला, कामगार डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर चढवून यंत्रापाशी उभा राहिला, की आपण ही म्हण उच्चारतो आणि विषय संपवतो. तिच्यात एक मोठी सोय आहे. दोष एकदा स्वभावाचा ठरला म्हणजे आपण स्वतः काही करावयाचे उरत नाही. ज्या शास्त्राचा परिचय आम्ही येथे करून देणार आहोत, ते नेमकी ही सोय आपल्यापासून काढून घेते. त्याचे नाव वर्तनविश्लेषण. माणूस असा का वागतो याचे उत्तर त्याच्या आत शोधण्यापूर्वी त्याच्या भोवती शोधावे, हा त्याचा पहिला आग्रह. आणि हे शोधणे कोणालाही जन्मतः येत नाही, ते हाताखाली राहून शिकावे लागते, हा दुसरा.

संशोधन आणि प्रशिक्षण अशी या शास्त्राची दोन चाके आहेत. पहिल्या चाकाची ओळख आधी करून घेऊ आणि मग दुसऱ्याकडे, म्हणजे माणसे तयार करण्याच्या प्रश्नाकडे वळू. कारण पालघर, बोईसर आणि तारापूर या आपल्या पट्ट्यात गाडे अडले आहे ते या दुसऱ्या चाकाशी.

वर्तन कशाला म्हणावे?

‘हा मुलगा आळशी आहे’ हे वर्तनाचे वर्णन नव्हे; तो आपण दिलेला निकाल आहे. ‘या मुलाने दहापैकी तीन उदाहरणे सोडवली आणि वही मिटली’ हे वर्तनाचे वर्णन होय. पहिल्या वाक्यावर दोन माणसे रात्रभर वाद घालू शकतील. दुसरे दोघांनाही मोजून पाहता येते. जे दिसते, जे मोजता येते, आणि दोघांनी वेगवेगळे बसून मोजले तरी ज्याचा आकडा जवळजवळ सारखा येतो, त्यालाच वर्तनविश्लेषक हात घालतो.

मग तो तीन प्रश्न विचारतो. हे वर्तन घडण्याच्या आधी काय होते? वर्तन नेमके काय घडले? आणि ते घडल्यावर लगेच काय झाले? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर (१९०४–१९९०) यांनी उंदीर आणि कबुतरे यांच्यावर वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखवले की, वर्तनाच्या पाठोपाठ जे घडते त्यावर ते वर्तन पुन्हा घडणार की नाही हे पुष्कळसे ठरते. वर्तनापाठोपाठ येणाऱ्या ज्या गोष्टीमुळे ते वर्तन वाढीस लागते, तिला प्रबलक म्हणतात आणि या क्रियेला प्रबलन.

एक रोजचे उदाहरण घेऊ. समजा, बोईसरच्या बाजारात आई भाजी घेत उभी आहे. लेकराला खाऊच्या दुकानातली बरणी दिसते. ते मागते, आई नाही म्हणते. ते रडते, आई पुन्हा नाही म्हणते. ते जमिनीवर लोळण घेते, चार माणसे वळून पाहतात, आणि आई लाजेकाजेस्तव खाऊ घेऊन देते. त्या क्षणी काय शिकवले गेले? मागितल्याने मिळत नाही, रडल्याने मिळत नाही, लोळल्याने मिळते, हे. मूल हट्टी नाही. ते उत्तम विद्यार्थी आहे. शिवाय शिकते ते एकटे मूलच नव्हे. खाऊ हातात पडताच रडणे थांबते, आईची सुटका होते, आणि लवकर देऊन टाकावे हे आईही शिकते. दोघे एकमेकांना शिकवीत असतात आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसतो.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. प्रबलक म्हणजे बक्षीस नव्हे. बक्षीस आपण मनाने ठरवतो. प्रबलक परिणामावरून ठरतो. सर्वांसमोर झालेली स्तुती एखाद्या लाजऱ्या मुलाला शिक्षेसारखी वाटते, आणि ज्याच्याकडे एरवी कोणी पाहतही नाही अशा मुलाला मास्तरांचे ओरडणेसुद्धा हवेसे वाटते. मास्तर समजतात आपण शिक्षा केली. वर्गातली दंगल मात्र वाढत जाते.

दुसरी गोष्ट अशी की, वर्षानुवर्षे मिळत आलेला प्रबलक बंद केला तर वर्तन हळूहळू विझते. परंतु विझण्यापूर्वी ते बहुधा एकदा भडकते. वरच्या उदाहरणातल्या आईने उद्यापासून खाऊ न देण्याचे ठरवले, तर पहिले काही दिवस मूल पूर्वीपेक्षा अधिक लोळेल. हे ज्याला ठाऊक नाही तो तिसऱ्या दिवशी हरतो, आणि मुलाला यापुढे किती वेळ लोळावे लागेल एवढेच नवे शिकवून जातो. वर्तनविश्लेषणात अर्धवट ज्ञान अज्ञानापेक्षा घातक ठरते ते असे. म्हणूनच प्रशिक्षणाचा प्रश्न उभा राहतो.

एका मुलीवरचे संशोधन

संशोधन म्हटले की हजारो माणसांची पाहणी आणि सरासरीचे तक्ते डोळ्यांपुढे येतात. या शास्त्राची रीत निराळी आहे. ते एकाच माणसाला पुरेसा काळ पाहते आणि त्या माणसाची तुलना त्याच्याशीच करते.

१९६४ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या बालशाळेतील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातली चार वर्षांची एक मुलगी इतर मुलांत मिसळत नसे. शिक्षिकांभोवती घुटमळणे, एखादे खरचटलेले दाखवणे, असा तिचा वेळ जाई. ‘भिडस्त स्वभाव’ म्हणून विषय मिटवता आला असता. संशोधकांनी प्रथम काहीही न बदलता काही दिवस नुसते मोजले. मुलांबरोबर जाणारा तिचा वेळ एकंदर वेळाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकाच निघाला. या पहिल्या मोजणीला आधाररेषा म्हणतात. मोजताना ध्यानात आले की ती एकटी असली, तक्रार घेऊन आली, की शिक्षिका मायेने तिच्याजवळ जात. ती खेळात रमली की निश्चिंत होऊन दूर होत. शिक्षिकांची मायाच तिला एकटी ठेवीत होती.

मग क्रम उलटा केला. ती मुलांत असेल तेव्हा शिक्षिकांनी तिच्याकडे आणि त्या खेळाकडे लक्ष द्यावे. एकटी असेल तेव्हा फारसे देऊ नये. मुलांबरोबरचा तिचा वेळ झपाट्याने वाढला. पण हा बदल कशावरून शिक्षिकांच्या लक्षामुळे? कदाचित ती आपोआप रुळली असेल. म्हणून संशोधकांनी काही दिवस पुन्हा पहिला क्रम सुरू केला. मुलगी पुन्हा एकटी पडू लागली. दुसरा क्रम परत आणला. ती पुन्हा मिसळू लागली. कळ दाबली की दिवा लागतो, सोडली की विझतो, तेव्हा तार कोठून कोठे जाते याबद्दल शंका राहत नाही. एका मुलीवरच्या अभ्यासातून कार्यकारणाचा पुरावा मिळतो तो असा. हीच रीत दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या मुलावर, दुसऱ्या गावी, दुसऱ्या माणसांच्या हातून तशीच फळते का हे पाहत पाहत सिद्धान्त पक्का होतो.

१९५८ साली या शास्त्राच्या प्रायोगिक शाखेचे नियतकालिक सुरू झाले, आणि १९६८ साली उपयोजित शाखेचे. या दुसऱ्याच्या पहिल्याच वर्षी बेअर, वुल्फ आणि रिस्ली या तिघांनी एक लेख लिहून उपयोजित वर्तनविश्लेषणाच्या कसोट्या घालून दिल्या. त्यांतली पहिली अशी की, बदलावयाचे वर्तन हे त्या माणसाच्या आणि समाजाच्या दृष्टीने महत्त्वाचे असले पाहिजे; संशोधकाला मोजायला सोपे आहे म्हणून निवडलेले नव्हे.

कोसबाडची टेकडी

हे सारे परदेशातले झाले, आमच्या मातीत याचे काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर आहे.

१९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ तेथे त्यांच्याबरोबर कामाला आल्या. १९५७च्या सुमारास हे काम कोसबाडला गेले. परिसर वारली वस्तीचा. ‘आदिवासींना शिक्षणाची आवडच नाही’ हा त्या काळचा ठरीव शेरा; म्हणजे पुन्हा स्वभावच. ताराबाई आणि अनुताई यांनी हा शेरा मान्य केला नाही. मूल शाळेत येत नाही, तर त्याच्या दिवसात शाळेच्या वेळी काय चालले आहे, हे त्यांनी जाऊन पाहिले. लहान मुले बालवाडीपर्यंत पोहोचत नाहीत. मग बालवाडीच त्यांच्या पाड्यावर, त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. थोरली मुले गुरांमागे रानात असतात. मग शाळा कुरणावर गेली, आणि कुरणशाळा जन्मली. थोरल्या बहिणीच्या कडेवर धाकटे भावंड असते, म्हणून ती येऊ शकत नाही. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका ठिकाणी आणली, आणि तिला विकासवाडी म्हटले. खेळण्याचे साहित्य शंखशिंपले, बिया, पाने यांतून उभे केले. म्हणजे ते मुलांच्या ओळखीचे होते आणि हाताशीही होते.

ताराबाई आणि अनुताई यांना वर्तनविश्लेषक म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. त्यांची परंपरा गिजुभाई बधेका आणि माँटेसरी यांची. आणि माँटेसरी यांचा तर बक्षिसांना आणि शिक्षांना विरोध होता. परंतु येथे विरोध वाटतो तेवढा नाही. माँटेसरीच्या साधनात लाकडी दट्ट्या बरोबर भोकात बसला की मुलाला दुसऱ्या कोणी शाबासकी द्यावी लागत नाही. ते बसणेच त्याला पुन्हा करून पाहावेसे वाटते. वर्तनविश्लेषक यालाच नैसर्गिक प्रबलन म्हणतो आणि त्याला अधिक मोलाचे मानतो. खाऊ आणि शाबासकी ही आधाराची काठी. पाय चालू लागला की ती सोडावयाची.

दोन्ही वाटा जेथे भेटतात तो मुद्दा हा : शिकणारा शिकत नसेल तर चूक शिकणाऱ्याची नसून मांडणीची आहे असे धरून चालावे, आणि मांडणी बदलून पाहावी. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री हे सन्मान मिळाले. परंतु त्या टेकडीवरून घ्यावयाची सर्वांत मोठी शिकवण अशी की, तेथे मुलांबरोबरच त्यांना शिकवणाऱ्या बाया तयार होत होत्या. आणि त्या तयार होत होत्या त्या मुलांत बसून.

कारखान्याच्या आत

आता टेकडी उतरून बोईसरला येऊ. तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायने, रंग, औषधे, कापड यांचे कारखाने दाटीने उभे आहेत. त्यांत आगी आणि स्फोट झाले आहेत. ११ जानेवारी २०२० च्या एका स्फोटात आठ माणसे दगावली. अशा दुर्घटनेनंतर ‘मानवी चूक’ हा शब्द फार लवकर उच्चारला जातो. त्याकडे आपण जरा शास्त्राच्या नजरेने पाहू.

कामगार चष्मा का घालीत नाही? चष्मा घातला तर घाम साचतो, काच धुरकटते, काम मागे पडते, मुकादम ओरडतो. हे सर्व आत्ता, आणि रोज. न घातला तर डोळा जाईल. पण तो कदाचित, आणि कधीतरी. जवळचा आणि ठाम परिणाम दूरच्या आणि संभाव्य परिणामावर मात करतो, हा साऱ्या सजीवांच्या वर्तनाचा नियम आहे. ‘सुरक्षितता प्रथम’ ही पाटी वर्तनाच्या आधी येते; परिणाम वर्तनाच्या नंतर येतो. एकट्या पाटीने काम भागत नाही ते यामुळे.

१९७८ साली जुडी कोमाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एका बेकरीच्या कारखान्यात केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी सुरक्षित कामाच्या कृतींची यादी केली आणि मोजणी केली. एका विभागात सुमारे ७० टक्के आणि दुसऱ्यात ७८ टक्के कृती सुरक्षित निघाल्या. मग कामगारांना चित्रे दाखवून सुरक्षित रीत समजावली, रोजचा आकडा भिंतीवरच्या आलेखात सर्वांना दिसेल असा लावला, आणि मुकादमांनी सुरक्षित काम दिसताच तसे बोलून दाखवावे असे ठरवले. दोन्ही विभागांत एकाच दिवशी सुरुवात केली नाही. एकात आधी, दुसऱ्यात काही दिवसांनी, म्हणजे सुधारणा त्या त्या विभागात उपायापाठोपाठच येते की नाही हे दिसावे. आकडे ९६ आणि ९९ टक्क्यांवर गेले. उपाय थांबवताच दोन्ही विभाग पुन्हा जवळजवळ मूळ जागी आले. कामगार तेच, स्वभाव तेच. बदलला होता तो कामानंतर मिळणारा प्रतिसाद.

परंतु येथे एक इशारा दिला पाहिजे. हे शास्त्र कामगाराला दोष देण्याचे नवे साधन होता कामा नये. झडप गळत असेल, वायुवीजन नसेल, यंत्राला जाळी नसेल, तर प्रथम ते नीट करावयाचे. सदोष यंत्रापुढे माणसाला सावधपणा शिकवीत बसणे म्हणजे फुटक्या होडीत बसवून पोहण्याचे धडे देणे होय. शिवाय ‘महिनाभर अपघात नाही, तर बक्षीस’ अशी योजना केली तर अपघात थांबतात असे नव्हे. पुष्कळदा अपघाताची नोंद थांबते. प्रबलन मिळाले ते लपवण्याला. आणि वर्तन केवळ कामगाराचे नसते. मालकाचे, व्यवस्थापकाचे, तपासनिसाचेही असते, आणि तेही मोजता येते.

माणसे कशी तयार होतात?

आता दुसरे चाक. १९५९ साली आयलॉन आणि मायकेल यांनी कॅनडातील एका मनोरुग्णालयातील काम प्रसिद्ध केले. तेथील एक रुग्ण दिवसातून सरासरी १६ वेळा परिचारिकांच्या खोलीत शिरे. समजावून, ओढून, रागावून काही उपयोग होईना. परिचारिकांना सांगितले की ती आली तर तिच्याकडे लक्ष देऊ नका, फक्त नोंद ठेवा. सात आठवड्यांत तिच्या फेऱ्या दिवसाला दोनवर आल्या. या कामात दोन शास्त्रज्ञ होते खरे. पण काम केले ते परिचारिकांनी, आणि मोजणीही त्यांनीच ठेवली. या शास्त्राचा उपयोग व्हावयाचा तर तो रुग्णाजवळ, मुलाजवळ, यंत्राजवळ दिवसभर असणाऱ्या माणसाच्या हातून, हा धडा त्यातून मिळाला.

परंतु त्या हाताला वळण कसे द्यावे? येथे व्याख्यानमालेच्या श्रोत्यांपुढे एक गोष्ट स्पष्ट करणे आम्हांस प्राप्त आहे : व्याख्यानाने ते होत नाही. व्याख्यानाने माहिती मिळते, आस्था जागी होते, चर्चा सुरू होते. कौशल्य येत नाही. सातपाटीच्या कोळ्याचा मुलगा होडी हाकायला शिकतो तो बापाचे भाषण ऐकून नव्हे. बाप सांगतो, करून दाखवतो, वल्हे मुलाच्या हाती देतो, आणि चुकले तेथे लगेच सांगतो. वर्तनविश्लेषणाच्या संशोधनात प्रशिक्षणाच्या ज्या रीतीला सर्वांत भक्कम आधार मिळाला, तिच्या पायऱ्या याच चार आहेत : सांगणे, करून दाखवणे, करून घेणे, आणि बरोबर काय व चूक काय ते तत्काळ सांगणे. शिकणाऱ्याला ठरलेल्या मापापर्यंत जमले की शिक्षण पुरे. तास भरले म्हणून नव्हे. तारापूरच्या अणुवीजकेंद्राने ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यापारी वीज देण्यास आरंभ केला. अशा केंद्राच्या नियंत्रणकक्षात बसणाऱ्या माणसाला केवळ पदवी पाहून बसवीत नाहीत. परीक्षा, देखरेखीखालचे काम, परवाना आणि ठरावीक मुदतीने फेरतपासणी, असा तो क्रम असतो. यंत्राच्या बाबतीत जी काळजी आपल्याला उघड दिसते, तीच मुलाच्या बाबतीत का दिसू नये?

परदेशात या व्यवसायाला रूप आले आहे. अमेरिकेत १९९८ साली वर्तनविश्लेषकांना प्रमाणपत्र देणारे मंडळ स्थापन झाले. पूर्ण वर्तनविश्लेषकाला पदव्युत्तर शिक्षण, ठरलेला अभ्यासक्रम, अनुभवी विश्लेषकाच्या देखरेखीखाली सर्वसाधारणपणे २,००० तासांचे प्रत्यक्ष काम आणि परीक्षा, एवढे पार करावे लागते. त्याच्या हाताखाली प्रत्यक्ष मुलाबरोबर बसणाऱ्या सहायकासाठी ४० तासांचे प्राथमिक प्रशिक्षण, कामाची प्रत्यक्ष तपासणी आणि पुढे कायम देखरेख. भारतातीलही काही जणांनी हे प्रमाणपत्र मिळवले. परंतु १ जानेवारी २०२३ पासून या मंडळाने मोजके देश सोडून इतरत्र नवी प्रमाणपत्रे देणे बंद केले, आणि भारतीय विद्यार्थ्यांसाठी ती वाट मिटली.

आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे विशेष शिक्षक, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ इत्यादींची नोंद होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेचा समावेश दिव्यांगत्वाच्या यादीत केला. आणि २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याने, वर्तनाशी संबंधित आरोग्यशास्त्रांच्या गटात वर्तनविश्लेषक हे नाव प्रथमच नमूद केले. कायद्याच्या यादीत नाव आले म्हणजे माणूस तयार झाला असे नव्हे. पण ज्या खुर्चीला नाव नव्हते तिला आता नाव आहे.

दोषांचीही ओळख

कोणतेही हत्यार दाखवताना त्याची धार दाखवली पाहिजे. १९८७ साली लोवास यांनी स्वमग्न मुलांवरील कामाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आठवड्याला ४० तास, दोन वर्षे वा अधिक, असे शिक्षण मिळालेल्या १९ मुलांपैकी ९ मुले सर्वसामान्य वर्गात चालू लागली असा त्यांचा दावा होता. त्याने आशा निर्माण केली आणि वादही. मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, आणि त्या काळच्या पद्धतीत दटावणी व चापटीसारख्या शिक्षाही होत्या. आज मोठी झालेली अनेक स्वमग्न माणसे स्वतः सांगतात की, आम्हांला आमच्यासारखे राहू न देता इतरांसारखे दिसायला शिकवले गेले. ही तक्रार बाजूला सारण्यासारखी नाही.

हा प्रश्न या शास्त्राच्या घरातूनही उठला होता. १९७२ साली विनेट आणि विंकलर यांनी त्यांच्याच नियतकालिकात लिहिले की, शाळांत या पद्धती पुष्कळदा मुलांना शिकवण्यासाठी न वापरता गप्प, स्थिर आणि आज्ञाधारक करण्यासाठी वापरल्या जात आहेत. म्हणून प्रशिक्षणात ‘कसे बदलावे’ याच्या आधी ‘काय बदलावे, आणि कोणासाठी’ हा धडा आला पाहिजे. जे मूल बोलू शकत नाही ते चावते, कारण चावल्याने कोणीतरी येते. त्याचे चावणे थांबवणे हा अर्धा उपाय. हाताने, चित्राने वा शब्दाने ‘ये’ म्हणायला शिकवणे हा पूर्ण उपाय. मुलाला मुके करून घर शांत करणे हे शास्त्र नव्हे.

आपल्या अंगणात

या सगळ्याचा आपल्या पट्ट्याशी काय संबंध, तो आता उघड व्हावा. समजा, बोईसरच्या एका चाळीत तीन वर्षांचे मूल आहे. ते बोलत नाही, हाक मारली तर वळत नाही, डोके भिंतीवर आपटते. शेजारी म्हणतात स्वभाव आहे, मोठे झाले की सुटेल. सुटत नाही असे दिसते तेव्हा कोणी तरी मुंबईचा पत्ता देते. २०१३ पासून लोकलगाड्या डहाणूपर्यंत धावू लागल्या हे खरे. परंतु ज्या मुलाला आवाज सोसत नाही, त्याला गर्दीच्या गाडीत दोन-दोन तास घेऊन जाणे, बापाचा त्या दिवसाचा रोज बुडवणे, आणि तासाभराच्या शिक्षणासाठी सारा दिवस घालवणे, हे किती आठवडे चालेल? पाड्यावरच्या घराला तर तेवढेही शक्य नाही. मधल्या काळात मूल शिकायचे थांबत नाही. आपटण्याने काय मिळते हे ते रोज शिकत असते, आणि आपणच ते शिकवीत असतो.

तेव्हा प्रश्न असा नाही की आपल्या जिल्ह्यात मोठे रुग्णालय केव्हा होईल. प्रश्न असा आहे की त्या मुलाच्या हाकेच्या अंतरावर कोण आहे. अंगणवाडी सेविका आहे, आशा कार्यकर्ती आहे, जिल्हा परिषदेचा शिक्षक आहे, आजी आहे. त्यांना विशेषज्ञ करावयाचे नाही. त्यांना चार गोष्टी यावयास हव्यात : निकाल न देता पाहणे, मोजून लिहून ठेवणे, आधी काय आणि नंतर काय हे ओळखणे, आणि आपल्या हाताबाहेरचे मूल वेळेत पुढे पाठवणे. त्यांच्या मागे एक खरा शिकलेला वर्तनविश्लेषक असावा. त्याने आठवड्याला येऊन वही पाहावी, मुलाजवळ बसून करून दाखवावे, सेविकेकडून करून घ्यावे. एकदा भरवलेल्या शिबिराने हे साधणार नाही. शिबिरानंतर जर कोणी विचारायलाच आले नाही, तर सेविकेचे शिकलेले वर्तनही विझते. तिलाही वर्तनाचे नियम लागू आहेत. ज्या कामाबद्दल तिला कधी कोणी दोन शब्द बोलत नाही ते काम ती किती दिवस करील, याचा विचार तिच्याकडे वह्यांवर वह्या मागणाऱ्यांनी केला पाहिजे.

ताराबाई आणि अनुताई यांनी सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी याच जिल्ह्यात शाळा अंगणात नेली. आता प्रशिक्षण अंगणात नेण्याची पाळी आहे. त्यासाठी लागणारा पैसा आणि पदे हे शासनाचे व संस्थांचे काम. ते मागणे आपले काम. पण एक गोष्ट आजच्या आज प्रत्येकाला करता येण्यासारखी आहे. घरात, वर्गात किंवा कारखान्यात ज्याच्याबद्दल आपण ‘स्वभावाला औषध नाही’ असे म्हणत आलो, त्या एकाच माणसाचे एकच वर्तन निवडावे. काहीही न बदलता आठ दिवस ते मोजावे. प्रत्येक वेळी आधी काय झाले आणि नंतर काय झाले हे दोन ओळींत लिहावे. आठव्या दिवशी ती वही वाचताना ‘नंतर काय झाले’ या रकान्यात पुष्कळांना एक ओळखीचे नाव वारंवार दिसेल. बहुधा ते नाव वही लिहिणाऱ्याचेच असेल. आणि बदलाचा आरंभ करण्यास त्याच्याइतका जवळचा दुसरा माणूस नाही.